होळीपर्यंत पाणी घालू नये

१८ नोव्हेंबर १९५५, शुक्रवार
लश्कर, ग्वाल्हेर

सुखरूप पोहोचलो. सामानात फक्त लोणच्याच्या बरणीला चीर गेली, तीही कानाशी, त्यामुळे लोणचं वाचलं. इंदूरपासून प्रत्येक स्टेशनावर हे विचारत होते, मळमळतंय का, जरा पडतेस का. मला तर प्रवासभर गावंसं वाटत होतं. तिसरा महिना सरला आणि जिभेला चव आली, याहून मोठं सुख नाही.

आमचं मध्यभारत सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असतं. त्याच्या मागून फायलींच्या पेट्या आणि पेट्यांच्या मागून कारकून. दरवर्षी हे एकटे येत आणि खानावळीत पोट बिघडवून घेत. यंदा मी म्हटलं, मी येणारच. पुढच्या वर्षी मध्यभारतच राहत नाही म्हणतात, मग ग्वाल्हेर कधी बघायचं?

जागा माधवगंजात, गल्लीच्या आतल्या अंगाला आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर पूर्वेला, देवांना कोनाडा आयता. नळ अंगणातच. अंगण दगडी पटियांचं, इतकं लख्ख की सांडलेले तांदूळ वेचून शिजवावेत. मालकीण विजयाबाई समोरच्या खोलीत एकट्या राहतात. त्यांचे यजमान दरबारच्या घोडदळात होते. मी बाईसाहेब म्हटलं तर हसल्या. म्हणाल्या, साहेबकी सगळी विलीन झाली, आता काकी म्हण.

अंगणात दगडी कुंडीत एक अजब झाड आहे. माझ्या कमरेइतकं उंच. वर बोटाएवढ्या चार फांद्या, पान एकही नाही, आणि खाली खोड असं फुगलेलं की मला हसूच आलं. दिवस भरलेली बाई मांडी घालून बसावी तसं. काकींनी भाड्याच्याही आधी एक अट सांगितली. दिवाळीपासून होळीपर्यंत ह्या झाडाला पाणी घालायचं नाही. बिलकुल नाही. मी बरं म्हटलं.

देवापाशी दिवा लावला आणि ही वही उघडली. हिशेबाची वही वेगळी. हिच्यात फक्त चांगलं लिहायचं आणि पोटातलं बाळ मोठं झालं की त्याला वाचायला द्यायची. सुमीबद्दल हिच्यात लिहायचं नाही, असं ठरवलं आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

घर लागलं. चूल धुरते खरी, पण तोंड वळवून घेतल्यावर बरी पेटते. दूधवाला पलीकडच्या मुरार भागातला आहे. मोरपंखाची शप्पथ घेऊन सांगतो की पाणी घालत नाही. मी त्याच्यासमोर दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरला, तर म्हणाला, बाईजी, आप तो दक्खिन की निकलीं. ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले.

दुपारी काकी झाड पुसत होत्या. कोरड्या फडक्याने, हळूहळू, तान्ह्याचं अंग पुसावं तसं. मी तांदूळ निवडायला तिथेच बसले. झाड त्यांच्या मुलाने, कान्होजीरावांनी, लढाईतून आणलं. ते एडनच्या बंदरावर रसदीच्या कामावर होते. तिथे नुसता खडक, पाऊस कधीतरी चुकून, आणि त्या खडकातून ही अशी पोटुशी झाडं वर आलेली. तिथल्या एका म्हाताऱ्याने रोप गोणपाटात बांधून दिलं आणि सांगितलं की थंडीत हे झोपतं. उन्हाळ्यात पाजाल ते पानाफुलांत जातं. झोपेत पाजाल ते पोटातच राहतं. फुलं गुलाबी येतात म्हणे, पण चीक वाईट, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही.

खोडाच्या एका बाजूला तीन उंचवटे आहेत, तळहाताएवढे, गुळगुळीत. तिसऱ्यावर एक जुना वण आहे. काकी प्रत्येक उंचवटा वेगळा पुसतात, फडकं दरवेळी झटकून. मी सहज विचारलं, सूनबाई इथे येतात का? काकींनी फडक्याची घडी केली आणि तांदळात खडे फार आहेत म्हणाल्या.

मला काही ते पटलं नाही. तांदळाचं नव्हे, झाडाचं. मुकं झाड आणि त्याला महिनोन् महिने तहानेलं ठेवायचं.

५ डिसेंबर, सोमवार

काकींच्या लेकीचं, मंदाताईंचं, मुरारला आजारपण निघालं आहे. काकी तिकडे राहायला गेल्या. जाताना मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आपल्यात पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगत नाहीत, म्हणून मी जागा घेतानाही बोलले नव्हते. आता मान खाली घालून हो म्हटलं. वाटलं, त्या डोक्यावरून हात फिरवतील, काही गोड बोलतील. त्यांचा चेहरा उतरला. टांगा दारात उभा असताना त्यांनी माघारी येऊन झाडाभोवती गोणपाट गुंडाळलं आणि सुंभाने बांधलं. मला म्हणाल्या, हातसुद्धा लावू नकोस. काही करायचं नाही, एवढंच कर.

टांग्यात बसेपर्यंत त्यांचे डोळे झाडावरच होते. मुलाची आठवण म्हणून असेल.

९ डिसेंबर, शुक्रवार

मेल्या माकडांनी माझी तुळस उपटली. इंदूरहून डब्यात घालून मांडीवर आणली होती. मुळासकट नेली, माती अंगणभर. मी रडले. हे म्हणाले, दुसरी लाव. पण ह्या थंडीत ती धरणार कशी?

आता अडचण अशी की बाळकृष्णाच्या अंघोळीचं पाणी टाकायचं कुठे. रोज ते तुळशीला घालत होते. मोरीत टाकायचं तर उष्ट्याखरकट्यात जातं. अंगणात ओतायचं तर पाय पडतो. गल्लीत तर बघायलाच नको. सकाळपासून तांब्या झाकून ठेवला होता. देवाला स्नान घातलेलं पाणी असं अडून राहिलेलं बघवेना.

मग सुचलं. काकींनी पाणी घालू नको म्हटलं आहे, ते नळाचं, विहिरीचं. तीर्थ म्हणजे काही पाणी नव्हे. उपासाच्या दिवशी पाणी वर्ज्य करणारे लोकसुद्धा तीर्थ घेतात. आणि देवाच्या अंगावरून उतरलेल्या चार पळ्यांनी कोणाचं वाईट झालंय? गोणपाट थोडं वर करून मुळाशी घातलं. हात लावला नाही. काकींचा शब्दही राहिला.

कुंडीने ते क्षणात पिऊन घेतलं. मला उगाचच बरं वाटलं.

१९ डिसेंबर, सोमवार

हे कचेरीतून रोज नवी बातमी आणतात. नव्या राज्याची राजधानी कोणी जबलपूर म्हणतं, कोणी भोपाळ. चार राज्यांची दप्तरं एक होणार, मग एका खुर्चीला चार कारकून. मी म्हटलं, आपलं बाळ तरी कुठल्या राज्यात जन्माला येणार ते विचारून ठेवा. हे म्हणाले, मध्यभारतातच, शेवटचा मध्यभारतीय!

तीर्थ रोज झाडाला जातं. सुंभ आपोआप सुटला होता. गोणपाट काढून पाहिलं तर खोडाला चांगली तुकतुकी आली आहे. आणि चौथा उंचवटा. आधी नव्हता, मी नक्की सांगते. लिंबाएवढा आहे.

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण आज लिहिते. माझी पहिली लेक सुमी गेली तो जेठ महिना होता. जुलाब आणि ताप. सासूबाई म्हणाल्या, वैद्य म्हणाले, सगळेच म्हणाले, पाणी देऊ नका, पाण्याने वाढेल. ती माठाकडे बघून पाई, पाई म्हणायची. पाणी म्हणता येत नव्हतं. मी मोठ्यांचं ऐकलं. म्हणून कोणाला पाणी नको म्हटलेलं मला सोसत नाही, मग ते झाड का असेना. काकींना हे ठाऊक नाही, नाहीतर त्यांनी अशी अट मला घातली नसती.

२९ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

बाळ हललं!

आरती चालू होती. माशाने शेपटी फिरवावी तसं, डाव्या अंगाला. हातातलं निरांजन खाली ठेवून मी तशीच उभी राहिले. ह्यांना खुणेने सांगितलं तर ह्यांनी आरतीचं एक कडवं दोनदा म्हटलं.

बाळा, हे तू वाचशील तेव्हा लक्षात ठेव, तू पहिल्यांदा हललास तेव्हा घरात कापूर जळत होता.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

हाडं गोठवणारी थंडी. तिळाच्या वड्या छान झाल्या. गजक मात्र इथल्यासारखी कुठे मिळणार नाही. ह्यांनी खासगी बाजारातून आणली आणि वाटेत निम्मी खाल्ली.

दुपारी उन्हाला बसले होते. सगळं अंगण बर्फासारखं आणि झाडाचं खोड कोमट. काकींनी हात लावू नको म्हटलं होतं. पण चौथा उंचवटा आता नारळाएवढा आहे. त्याला सावली पडते. मी तळवा ठेवला. उन्हाने तापलं असेल म्हणून मग सावलीच्या बाजूला ठेवून पाहिला. तिथेही तितकंच.

पोटातला आज शांत आहे. वड्या जास्त झाल्या असतील.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळ हलत नाही. चार दिवस वाट पाहिली, मग ह्यांना सांगितलं. दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. ठोके आहेत म्हणाल्या, पण लांबून आल्यासारखे. मग फीत लावली, जुना कागद काढून पाहिला, परत फीत लावली. महिन्याच्या मानाने पोट लहान आहे म्हणाल्या. खातेस ना? मी खाते. निऱ्यांची गाठ पुन्हा पूर्वीच्या जागी बसते आहे, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर सरळ झाडापाशी गेले. का गेले माहीत नाही. दोन्ही हात चौथ्यावर ठेवले.

माशाने शेपटी फिरवावी तसं. डाव्या अंगाला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

काकी परत आल्या. पेटी हातातच होती. झाड पाहिलं आणि तिथेच पटियांवर बसल्या. पाणी घातलंस, म्हणाल्या. मी तीर्थ म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

मग सगळं सांगितलं. जसं ऐकलं तसं लिहिते.

त्यांची सून लीला. नवऱ्याने हौसेने आणलेलं झाड म्हणून ती हिवाळ्यातही पाणी घालायची. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात पोट उतरलं. दिवस गेलेच नव्हते असं झालं. दवाखान्यातले म्हणाले, वायूचा गोळा असेल. झाडावर पहिला उंचवटा आला. कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या खेपेला दुसरा. तिसऱ्या खेपेला लीलाने ओळखलं आणि कोयता घातला. आधी पांढरा चीक आला. मग नुसतं कोमट पाणी, कितीतरी वेळ. त्यात आवाज होता, काकी म्हणाल्या, आणि पाणी थांबलं तसा तो थांबला. लीला झाशीला माहेरी गेली. तिकडचीच झाली. पुढे पलटणीच मोडल्या, तसे कान्होजीराव नागपूरकडे गेले.

मी विचारलं, मग हे झाड का ठेवलंत? म्हणाल्या, माझी नातवंडं आहेत गं त्यात. कोण टाकतं?

म्हणून त्या ते झोपवून ठेवतात. निजलेल्याला तहान लागत नाही.

मी खूप बोलले. जागा देताना सांगायला काय झालं होतं? काकी शांतपणे म्हणाल्या, तू तुझं लपवलंस, मी माझं लपवलं. दोघींनी रीतच पाळली.

एकच आशा त्यांनी सांगितली. लीलाच्या वेळी कोणी करून पाहिलं नाही. होळीपर्यंत झाड कडक कोरडं ठेवायचं. पोटातलं पाणी आटलं तर ज्याचं त्याच्याकडे परत जाईल. होळीनंतर पालवी येते, मग पाणी पानांत जातं, भीती नाही. मला मालूम नाही, म्हणाल्या, पण दुसरं काय आहे?

१६ फेब्रुवारी, गुरुवार

बाळकृष्णाला आता पळीभर पाण्यात अंघोळ. आणि ते पाणी मी स्वतः पिते. तीर्थ पोटात घ्यायचं असतं, हे मला त्या दिवशी सुचू नये!

ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, रविवारी कुंडी नेऊन नदीत सोडतो. मी किंचाळले. माझं बाळ नदीत सोडणार? त्यानंतर हे कुंडीला हात लावत नाहीत. नुसते येता-जाता माझ्याकडे बघतात.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

खोडाला सुरकुत्या पडल्या! चौथा उंचवटा सैल झाला आहे, वाळत घातलेल्या आवळ्यासारखा.

आणि आज सकाळी पोळ्या लाटताना आतून टोला बसला. आतून, माझ्या आतून. लाटणं हातातून पडलं. ह्यांना कान लावायला लावला. ह्यांच्या कानावरच एक लाथ बसली. हे हसता हसता रडायला लागले. मला म्हणाले, मी तुला वेडी समजत होतो. मी म्हटलं, समजा, काही हरकत नाही.

आज पुरण घातलं. काकींनाही ताट दिलं. त्या फार जेवल्या नाहीत.

८ मार्च, गुरुवार

सुरकुत्या भरल्या आहेत. चौथा पुन्हा गच्च. पोटात आज काही नाही. कुंडीतल्या मातीत बोट घातलं.

ओली.

मी नाही घातलं. देवाशपथ मी नाही.

११ मार्च, रविवार

हे दुपारी कोणाकडे गेले होते. मी दार लावून झोपल्याचं सोंग केलं आणि फटीतून बघत राहिले. काकी आल्या. घागर घेऊन. ओतत नव्हत्या, ओंजळीने पाजत होत्या. एकेका उंचवट्याला. ओंजळ खोडाला लावली की पाणी खाली गळत नव्हतं.

मी धावत गेले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. त्यांच्या हातातली घागर हिसकली, ती फुटली.  काकी म्हणाल्या, तिघं जागी झाली आहेत. तुझ्या तीर्थाने. इतकी वर्षं गपगार होती गं. मुरारहून आले त्या दिवसापासून ऐकते आहे, दुपारी ओठ वाजवतात. मी आजी आहे.

मी म्हटलं, तुमची तीन गेली. माझं एक अजून गेलेलं नाही.

त्यांनी हो म्हटलं. मग आम्ही दोघी फुटलेल्या घागरीच्या ओल्या खापऱ्यांत बसून रडलो. त्यांनी पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

संध्याकाळी त्या मुरारला गेल्या. इथे राहिले तर हात आवरणार नाही, म्हणाल्या. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. टांग्यात बसताना पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि झाडाकडे एकदाही पाहिलं नाही.

२० मार्च, मंगळवार

झाड आटतंय. बाळ हलतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वाढ बरी आहे, मागल्या वेळी आमचीच फीत चुकली असेल. मी होय म्हटलं.

हे भोपाळला गेले. नव्या राज्यासाठी माणसांच्या याद्या जुळवायच्या आहेत. होळी झाल्यावर येतील. जायला तयार नव्हते. मीच म्हटलं, जा, आता थोडेच दिवस. परत आले की सामान बांधायचं आणि इंदूर.

ऊन कडक व्हायला लागलं आहे. नळ दिवसातून एकदाच येतो. मी पाणी घरात भरून ठेवते आणि दार लावून घेते. अंगणात जात नाही. कपडेही आत वाळवते.

दुपारी आवाज येतो. काकी म्हणत होत्या तोच. ओठांचा.

२४ मार्च, शनिवार

कानांत कापूस घालते. रामरक्षा म्हणते. मोठ्याने म्हणते, तरी मधल्या मधल्या श्वासाला —

तिघांचे आवाज जाड आहेत. चौथा बारीक.

बाळा, तू माझ्या पोटात आहेस. आत्ता, हे लिहिताना, तू हलतो आहेस. मग तो चौथा कोण? तू परत आलास तर तिथे कोण उरलं?

२५ मार्च, रविवार

पाई.

स्वच्छ ऐकलं. कापूस काढला आणि परत ऐकलं. पाई, पाई.

हा शब्द काकींना माहीत नाही. ह्यांच्यासमोरही मी कधी काढला नाही. फक्त ह्या वहीत —

ती मला फसवते आहे. झाड आहे ते. झाडाला तहान आहे आणि त्याला ठाऊक आहे मी कोण. एवढंच. उद्या होळी. उद्या संध्याकाळी होळी पेटली की सुटले.

गल्लीत पोरं लाकडं गोळा करताहेत. एकाने आत डोकावून विचारलं, मौसी, ये सूखा पेड़ दे दोगी? मी त्याला हाकललं. फार जोरात ओरडले. तो घाबरून पळाला.

दिलं असतं तर —

पण पाई म्हणते आहे. पाई म्हणणारीला विस्तवात —

२६ मार्च, सोमवार. होळी

सकाळ. पाण्याची भांडी सगळी झाकली. देवपूजा केली. तीर्थ प्यायचं राहिलं आहे, तांब्या समोर आहे.

तू छान हलतो आहेस. टाच आहे ही, उजवीकडे. मी धरते आणि तू ओढून घेतोस. असाच राहा. संध्याकाळपर्यंत.

दुपार. आवाज बारीक झाला. आधी पाई, पाई. मग नुसतं पा. मग ओठ. हे मी ओळखते. तेव्हाही असंच, ह्याच्या पुढे मग —

ह्याच्या पुढे काही नव्हतं.

तेव्हा सगळे होते अडवायला. आज कोणी नाही. दारही मीच लावलं आहे, कडी माझ्याच हातात.

आवाज थांबला.

अंगणात आले आहे. वही बरोबर आणली, हात मोकळे राहू नयेत म्हणून. खोड अगदी चिपाड झालं आहे, सुमीचे गाल झाले होते तसं. चौथ्याला एक चीर पडली आहे. चीक नाही. आत ओठ. सुकलेले.

सुमे.

बाळा, तू वाचशील तेव्हा — पाजत नाही मी. शपथ. थेंबसुद्धा पाजत नाही. नुसतं तीर्थाच्या तांब्यात बोट बुडवून ओठ ओले करते, तेवढं तर मरणाऱ्यालाही —

बोट धरलं तिने. चार दात. सुमीला चारच होते. सोड सोनू, पुरे, सोड आता —

आत तू का थांबलास. हल. आत्ता तर हलत होतास. हल ना रे —

तांब्या रिकामा कसा झाला, मी तर फक्त —